नमस्काराचे वाकणे आणि वयाचे वाकणे



मायबाप संतसज्जनहो, आज सेवेला विषय घेतला आहे तो पाठीचा. तुम्ही म्हणाल, महाराज, पाठ हा काय कीर्तनाचा विषय झाला? पोट म्हणाला असता तर समजलो असतो. एकादशीच्या दिवशी पोटाचं निरूपण करणारे पुष्कळ आहेत. पण पाठ?

ऐका. वारकऱ्याचं सगळं वैभव पाठीवर उभं आहे. वीणेकऱ्याची वीणा पाठीच्या जोरावर, मृदंग्याचा मृदंग पाठीच्या जोरावर, आमच्या आयाबायांच्या डोईवरचं तुळशीवृंदावन पाठीच्या जोरावर. आळंदी ते पंढरी सुमारे अडीचशे किलोमीटर. चालतात पाय, नाव होतं पायांचं, पायी वारी म्हणतो आपण. पण त्या पायांवर देह उभा धरते कोण? पाठ. आणि पंढरीला पोचल्यावर देवापुढं वाकते कोण? तीही पाठच.

वाकणं हा आपल्या संप्रदायाचा प्राण आहे. वारकरी वारकऱ्याला भेटला की पायावर डोकं ठेवतो. लहान मोठ्याच्या पाया पडतो, आणि मोठाही लहानाच्या पाया पडतो. परंतु मायबाप, वाकणी दोन आहेत, आणि दोन्हींत आपण गल्लत करतो. एक नमस्काराचं वाकणं. त्यात मी माझ्या इच्छेनं वाकतो आणि माझ्या बळानं उठतो. दुसरं वयाचं वाकणं. त्यात मी वाकत नाही, मला वाकवलं जातं, आणि उठावं म्हटलं तरी उठता येत नाही. पहिल्याला आपण नम्रता म्हणतो. दुसऱ्याला गावात पोक म्हणतात, कुबड म्हणतात. आजचा सिद्धांत एवढाच आहे : नम्रता ही साधना आहे आणि पोक हे दुखणं आहे. दुखण्याला साधना समजून कुरवाळू नये, आणि प्रारब्ध म्हणून सोडूनही देऊ नये.

गीतेच्या तेराव्या अध्यायात भगवंतांनी ज्ञानाची लक्षणे सांगितली आहेत. जन्म, मृत्यू, जरा आणि व्याधी यांतला दोष पाहणे, हे त्यांतलं एक लक्षण. जरा म्हणजे म्हातारपण. ज्ञानेश्वर माउलींनी त्यावर भाष्य करताना म्हातारपणाचं असं वर्णन केलं आहे की ऐकणारा तरुण दचकावा. पण माउलींना दचकवायचं नाही, जागं करायचं आहे. म्हातारपण अंगाला शिवायच्या आधी जो त्याला लांबून ओळखतो, तो ज्ञानी, असा त्यांचा भाव. आपण काय करतो? अंगाला शिवलं, पाठीवर येऊन बसलं, तरी म्हणतो, "वय झालं, चालायचंच!" आणि चालायचंच, चालायचंच म्हणता म्हणता एक दिवस चालणंच बंद होतं.

आता हे पोक येतं कसं ते बघू. मी काही वैद्य नाही. जाणत्या डॉक्टरांकडून समजून घेतलं ते तुमच्या माझ्या भाषेत सांगतो.

मानेच्या खाली, छातीच्या मागं बारा मणके असतात. प्रत्येक मणक्याला बरगड्यांची एक जोडी. पाठीचा हा भाग कुणाचाच पट्टीसारखा सरळ नसतो. तिथं थोडा बाक देवानंच दिला आहे. डॉक्टर तो अंशांत मोजतात. तरुणपणी तो साधारण २० ते ४० अंशांचा असतो. वय वाढतं तसा तोही वाढतो, आणि ४० च्या पुढं गेला की पोक आलं म्हणतात. उतारवयातल्या १०० माणसांत २० ते ४० जणांना असं पोक असतं, असा जाणत्यांचा अंदाज आहे. म्हणजे इथं मंडपात पुढं बसलेल्या आजोबा-आजींच्या रांगेत दर पाचांत एक-दोघे. एकट्यादुकट्याची गोष्ट नाही ही.

कारणं मुख्य तीन. हाड, गादी आणि स्नायू.

पहिलं हाड. आपल्याकडं ताठ माणूस म्हणतो, "मोडेन पण वाकणार नाही." म्हातारपणी मणका याच्या उलट वागतो. तो आधी मोडतो आणि मग पाठ वाकते. हाड ठिसूळ झालं की मणका पुढच्या बाजूनं दबतो. मागून उंच, पुढून बुटका. सुताराची पाचर असते ना, तसा. असे दोन-तीन मणके दबले की वरचा सगळा देह पुढं कलतो. आणि नवल असं, मणक्याच्या अशा तीन फ्रॅक्चरांपैकी साधारण दोन माणसाला कळतच नाहीत. पडणं नाही, आपटणं नाही. कळशी उचलली, पाठीत चमक निघाली, दोन दिवस शेकलं आणि कामाला लागलो. झालं. बायकांची पाळी गेली की पुढची काही वर्षं हाडं झपाट्यानं झिजतात, म्हणून त्यांच्यात हे जास्त. पण पुरुषांनी मिशीवर ताव मारू नये, त्यांचीही झिजतात. बिडी-सिगारेट ओढणारे, दम्यासाठी किंवा सांध्यांसाठी स्टेरॉइडच्या गोळ्या वर्षानुवर्षं घेणारे, यांनी अधिक सावध राहावं.

दुसरी गादी. दोन मणक्यांच्या मध्ये एक चकती असते, तिला आपण गादी म्हणतो. वयानं तिच्यातलं पाणी कमी होतं, ती सुकते, चेपते.

तिसरे स्नायू. इथं नीट ऐका, कारण आपल्या हातात जे आहे ते इथंच जास्त आहे. दिंडीत राहुटी ठोकता ना तुम्ही? खांब मधे उभा असतो. पण त्याला उभं कोण धरतं? बाजूचे ताणलेले दोर. मागचा दोर सैल पडला तर चांगला मजबूत खांबसुद्धा पुढं झुकतो. आपल्या पाठीचे स्नायू म्हणजे हे मागचे दोर. माणसाचं डोकं पाच किलोच्या आसपास भरतं. ते सदा पुढं, निवडणं-टिपणं पुढं, खुरपणं पुढं, शिलाई पुढं, आणि आता मोबाइल आलाय, तोही पुढंच. मागचे दोर सैल पडत जातात. खूप पोक असलेल्या माणसांची तपासणी केली तर निम्म्याहून अधिक जणांचा मणका मोडलेला सापडतच नाही. म्हणजे खांब शाबूत आहे, दोर सैल आहेत. आणि दोर पुन्हा ताणता येतात, मायबाप!

एक मात्र लक्षात ठेवा. पाठीला आलेला प्रत्येक बाक वयाचा नसतो. बाक गोलसर नसून एकाच ठिकाणी टोक काढल्यासारखा असेल, सोबत ताप असेल, वजन उतरत असेल, रात्री पाठ ठणकत असेल, तर मणक्याचा क्षय असू शकतो. तो तरुणांनाही होतो. त्याला औषध आहे आणि सरकारी दवाखान्यात ते फुकट मिळतं. पायांत बधिरपणा आला, पायातली ताकद गेली किंवा लघवीवरचा ताबा गेला, तर त्याच दिवशी दवाखाना गाठायचा. अंगारा लावायला नको म्हणत नाही मी, पण अंगारा लावून गाडीत बसायचं.

बरं, पोक आलं तर बिघडतं काय? दिसायलाच वाईट ना? नाही हो. छाती मिटते, म्हणून श्वास अपुरा पडतो. हरिपाठाच्या चालीत पूर्वी जे चरण एका दमात व्हायचं, त्याला मधे थांबावं लागतं. पोट दाबलं जातं, आंबट पाणी वर येतं. बसलेलं उठवत नाही. आणि तोल पुढं जातो म्हणून माणूस पडतो. ठिसूळ हाडाचा माणूस पडला की खुबा मोडतो, आणि खुबा मोडला की पुष्कळांची वारी तिथंच थांबते. म्हणून म्हणतो, हा शोभेचा प्रश्न नाही, वारीचा प्रश्न आहे.

आता घरी ओळखायचं कसं? भिंतीला पाठ लावून उभे राहा. टाचा भिंतीजवळ, नजर समोर. डोक्याचा मागचा भाग हनुवटी वर न करता भिंतीला टेकतो का बघा. टेकत नसेल तर बाक वाढला आहे. दुसरी खूण उंचीची. तरुणपणीच्या उंचीपेक्षा दीड इंच, म्हणजे ४ सेंटिमीटर किंवा त्याहून जास्त घट झाली असेल, तर एखादा मणका दबलेला असण्याचा संशय घ्यावा. उंची कोण मोजतं म्हणाल, तर लुगडं मोजतं. त्याच लुगड्याचा घोळ आता जमिनीवर लोळायला लागला का? फडताळाच्या ज्या फळीला हात पोचायचा, ती वर गेली का? फळी वर जात नाही, आजी, आपण खाली येतो. सदरा पुढून लांब आणि मागून आखूड दिसतो का? आणि वारकऱ्याची खूण म्हणजे गळ्यातली माळ. उभं राहिल्यावर तुळशीची माळ छातीला टेकते, की पुढं अधांतरी लोंबते? तिसरी खूण दोन बोटांची. उभं राहून सगळ्यात खालची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्यामध्ये आपली बोटं आडवी घालून बघा. दोन बोटांपेक्षा जास्त जागा उरली नसेल, तर डॉक्टरांना दाखवायचं. ही दोन बोटं लक्षात ठेवा. पुढं आपल्याला ती पुन्हा भेटणार आहेत.

आमच्या दिंडीत एक आजी होत्या. नाव कशाला सांगू, अशा आजी प्रत्येक दिंडीत आहेत. कितीतरी वर्षांच्या वारकरीण. डोईवर वृंदावन घ्यायच्या ते मुक्कामालाच उतरायच्या. हळूहळू त्यांची मान पुढं आली, पाठ गोल झाली. दरसाल त्यांचं तोंड जमिनीच्या अधिक जवळ. आम्ही सगळे म्हणायचो, आजी फार नम्र. एका वर्षी दर्शनाची रांग फार मोठी होती, म्हणून आपल्या रीतीप्रमाणं कळसाचं दर्शन घेतलं सगळ्यांनी. संध्याकाळी आजी माझ्याजवळ येऊन म्हणाल्या, "म्हाराज, औंदा कळस दिसला न्हाई." मी म्हटलं, "का हो, गर्दी होती का?" तर म्हणाल्या, "गर्दी कुटली? मान वर व्हत न्हाई. लोक म्हन्ले कळस कळस, मी पायातल्या चपला बघत हुते."

बाजूला बसलेलं कोणी म्हणालं, "आजी, कळस मनात बघावा." बोलणं गोड आहे, खोटंही नाही. पण ज्याची मान वर होते त्यानं ते म्हणू नये. आजींच्या सुनेनं मात्र ते ऐकलं आणि घरी गेल्यावर तालुक्याला नेऊन फोटो काढला. दोन मणके दबलेले. डॉक्टरांनी विचारलं, कधी पडला होता? पडलेल्या नव्हत्याच. मग त्यांना आठवलं, दोन वर्षांमागं टँकरपाशी भरली कळशी उचलताना पाठीत कळ आली होती. पंचा बांधला आणि दुसऱ्या दिवशी चालल्या. दबलेल्या मणक्यावर अडीचशे किलोमीटरांतला उरलेला पल्ला चालल्या त्या!

पुढं औषध सुरू झालं, व्यायाम शिकवणाऱ्या बाईंकडं जाणं सुरू झालं. पाठ सरळ झाली का? नाही. दबलेला मणका फुगत नाही. मी तुम्हाला चमत्कार सांगत नाही. पण दुखणं कमी झालं, बसल्याजागी मान जराशी मागं जायला लागली. पुढच्या वारीला मुलानं त्यांना वाखरीपर्यंत गाडीनं आणलं. तिथून त्या हळूहळू चालल्या. आणि देवळापासून बरंच मागं, एका भिंतीला पाठ लावून त्यांना उभं केलं. मायबाप, यात एक युक्ती आहे. उंच वस्तू जवळून बघायची तर मान फार वर करावी लागते. लांबून बघायची तर थोडीशीच. आजींना कळस दिसला. देवाच्या जवळ जाण्यासाठी सगळ्यांची ढकलाढकली चाललेली असते, आणि या माउलीला देव लांबूनच दिसला.

आता ज्या कथेकडं मी तुम्हाला नेत होतो ती ऐका. भागवताच्या दशम स्कंधात, बेचाळिसाव्या अध्यायात कुब्जेची कथा आहे. भगवान कृष्ण आणि बलराम मथुरेच्या राजरस्त्यानं चालले आहेत. समोरून एक तरुण बाई येते. चेहरा सुंदर, पण देह वाकलेला. हातात उटीचं भांडं. तिचं नाव त्रिवक्रा, म्हणजे तीन ठिकाणी वाकडी. कंसाच्या घरची दासी, उटी करण्यात तरबेज.

आपल्याकडं पोक आलेल्या बाईला लोक काय म्हणतात? मंथरा म्हणतात. रामायणातली एक मंथरा कुबडी होती, म्हणून कुबड आलेल्या सगळ्या बायका कपटी झाल्या! ही वाईट खोड आहे, ती आजपासून सोडा. भगवंतांनी काय केलं? हसले नाहीत. वाट सोडून बाजूला झाले नाहीत. कुणाच्या कोणत्या पापानं ही वाकली, अशी चौकशी केली नाही. तिच्याशी गोड बोलले, तू कोण, ही उटी कुणासाठी, असं विचारलं, आणि तिची सेवा मागितली. ती म्हणाली, तुमच्याहून हिला योग्य दुसरं कोण? तिनं दोघांना उटी दिली. मग देव प्रसन्न झाले. त्यांनी आपल्या पावलांनी तिची पावलं दाबून धरली, हाताची दोन बोटं तिच्या हनुवटीखाली घातली आणि तिला वर उचललं. कुब्जा सरळ झाली.

दोन बोटं! तुम्ही बरगडीखाली जी दोन बोटं घालणार आहात ती दुखणं शोधणारी. देवानं हनुवटीखाली घातली ती दोन बोटं दुखणं घालवणारी. आपल्याला दुसरी करता येणार नाहीत, पण पहिली येतील.

कारण इथं एक धोका सांगायला हवा. ही कथा ऐकून कोणी उत्साही नातू आजीच्या पावलावर पाय देऊन हनुवटी ओढायला जाईल, तर अनर्थ होईल! आपल्याकडं चमक भरली की पायाळू माणसाचा पाय पाठीला लावतात. नुसता स्पर्श केला तर काही बिघडत नाही. पण पालथं झोपवून पाठीवर उभं राहणारे, मणका बसवतो म्हणून कटकन आवाज काढणारे आहेत. ठिसूळ हाडाच्या माणसाला त्यांच्या हाती देऊ नका. देवाची लीला ऐकावी, तिची नक्कल करू नये.

मग नक्कल कुणाची करायची? विटेवर उभा आहे त्याची करा! पांडुरंग कसा उभा आहे? दोन्ही पावलं समान. हात कमरेवर. छाती मोकळी. दृष्टी समोर. उतारवयातल्या माणसानं कसं उभं राहावं हे शिकायचं तर यासारखा नमुना नाही. रोज सकाळी भिंतीला पाठ लावून असं उभं राहायचं. टाचा भिंतीपासून चार बोटं पुढं. हात कमरेवर. हनुवटी वर उचलायची नाही, किंचित आत घ्यायची आणि डोकं मागं भिंतीकडं न्यायचं. मग कोपरं हलकेच मागं न्यायची, म्हणजे पाठीवरचे दोन्ही फरे एकमेकांकडं येतात. पाच वेळा मनात विठ्ठलाचं नाव घेईपर्यंत तसंच राहायचं, श्वास कोंडायचा नाही. मग सैल. असं दहा वेळा. ज्यांना उभं राहवत नाही त्यांनी खुर्चीवर बसून करावं. आता हे पुस्तक वाचताय ना? आत्ताच बघा, कसे बसला आहात. पुस्तकाकडं मान नेली आहे की मानेकडं पुस्तक आणलं आहे? पुस्तक वर आणा.

एवढ्यानं काय होणार म्हणाल. साठीच्या पुढच्या माणसांकडून आठवड्यातून तीनदा, सहा महिने पाठीचे व्यायाम करवून घेतले, तेव्हा बाक सरासरी तीन अंशांनी कमी झाल्याचं अभ्यासात दिसलं आहे. तीन अंश म्हणजे थोडेच. पण जो बाक दरसाल वाढायचाच, तो वाढायचा थांबून तीन पावलं मागं फिरला, हे थोडं आहे का? मात्र हाडं ठिसूळ असतील तर कोणता व्यायाम करायचा हे जाणत्याला विचारून घ्या. आणि एक पक्कं धरा. ठिसूळ मणक्याच्या माणसानं पाठ गोल करून पुढं वाकण्याचे व्यायाम करू नयेत. पायाचे अंगठे धरणं नको, सूर्यनमस्कार नकोत, फुगडी नको. तरुणपणी केलं ते पुष्कळ झालं.

ओझ्याचं सांगतो. हाडं ठिसूळ झाली असं कळलं की डोईवरचं वृंदावन सुनेच्या, नातीच्या डोईवर द्या. त्यानं तुळस रागावत नाही. तुम्ही पदरात एक मंजिरी बांधून घ्या. खालचं काही उचलायचं तर कमरेतून आणि गुडघ्यातून वाका, पाठ सरळ ठेवा, वस्तू अंगाजवळ धरा. काठीचंही ऐका. आपल्याकडं काठी हाताला येईल ती घेतात. फार आखूड काठी माणसाला आणखी वाकवते. ताठ उभं राहून हात खाली सोडला की मनगटाची घडी जिथं येते, तिथं काठीची मूठ यावी.

आता अन्न. मोठ्या माणसाला दिवसाला १००० मिलिग्रॅम चुना, म्हणजे कॅल्शियम लागतं. पाळी गेलेल्या बाईला १२००. पेलाभर दुधात सुमारे २५० येतं. १०० ग्रॅम नाचणीत साडेतीनशेच्या आसपास. तीळ तर त्याहून भारी. आपल्या आजा-पणज्यांची नाचणीची भाकरी आपण गरिबाची म्हणून टाकली, आणि आता त्याच चुन्याच्या गोळ्या विकत आणतो. स्नायूंना डाळ-कडधान्य हवं, दूध-दही हवं. एकादशीला चहा आणि साबुदाण्यावर दिवस काढणाऱ्या म्हाताऱ्या माणसांनी राजगिरा, शेंगदाणे, दूध घ्यावं. व्रत मोडत नाही आणि हाडही मोडत नाही. ऊन घ्यावं, तेही पार कोवळं नव्हे, जरा वर आलेलं, चटका बसण्याआधी सावलीत यावं. त्यानं ड जीवनसत्त्व तयार होतं. डॉक्टरांनी हाडांसाठी आठवड्याची एक गोळी दिली असेल, तर बहुधा ती उपाशीपोटी भरपूर पाण्याबरोबर घ्यायला सांगतात आणि नंतर अर्धा तास आडवं होऊ देत नाहीत. सांगितलं असेल तसंच करा. तो अर्धा तास हरिपाठाला चांगला आहे, ताठ बसून म्हणा. आणि हो, मंडपात खांबाला टेकून बसलेले लोक झोपतात म्हणून आम्ही कीर्तनकार रागावतो. साठीच्या पुढच्यांना आजपासून माझी परवानगी आहे. खांब धरा, पाठ टेका, पण डोळे उघडे ठेवा!

शेवटी नमस्काराकडं येऊ. कारण इथं म्हातारी माणसं ऐकत नाहीत. "म्हाराज, पंढरीला येऊन पायावर डोकं न्हाई ठेवलं तर वारी कशाची?" आजी, ज्याच्या पायावर डोकं ठेवायचं त्यानंच ही पाठ दिली आहे. ती मोडून त्याला नमस्कार कशाला? लोटांगण घालू नका. साष्टांग दंडवत घालू नका. पाठ सरळ ठेवून, एक पाऊल पुढं, कुणाचा तरी हात धरून, गुडघ्यातून जेवढं जमेल तेवढंच वाका. तेही जमत नसेल तर हात जोडा. लांबून मुखदर्शन घ्या. ज्या माणसाचं सगळं शरीर अहोरात्र वाकलेलं आहे, त्याच्याकडून देव आणखी किती वाकणं मागेल?

आणि तरुणांनो, तुम्हाला एकच मागणं आहे. रांगेत पुढं एखादी वाकलेली आजी दिसली तर मागून रेटू नका, घाईत तिचं डोकं खाली दाबू नका. ती तुमच्या पाया पडायला लागली तर तिला तिथंच धरा आणि म्हणा, "आजी, तुम्ही वाकू नका, मी वाकतो." तिच्याशी बोलताना वरून बोलू नका, समोर खाली बसा, म्हणजे तिला तुमचं तोंड दिसेल. ज्या बाईनं जन्मभर तुमच्यासाठी पाणी वाहिलं, तिच्या वाट्याला माणसांच्या चपलाच याव्यात का? आणि घरी गेल्यावर आईला, आजीला भिंतीला पाठ लावून एकदा उभं करा. डोकं टेकतं का बघा. नसेल टेकत तर "वय झालं" म्हणू नका, दवाखान्यात न्या.

ज्यांची पाठ अजून सरळ आहे त्यांनी ती राखावी. ज्यांची वाकू लागली आहे त्यांनी तिला तिथंच थांबवण्याचा यत्न करावा. आणि ज्यांची वाकून गेली आहे, त्यांनी लाज धरू नये. मथुरेच्या भर रस्त्यात देवानं हाक मारली ती ताठ चालणाऱ्या कुणाला नाही, वाकलेल्या कुब्जेला मारली. देवापुढं वाकायचं ते आपल्या मनानं, आणि वाकून झाल्यावर मान वर करून त्याचं मुख पाहायचं. ते पाहता यावं म्हणून पाठ सांभाळायची. एवढीच सेवा आपल्या चरणी रुजू करतो.

बोला पुंडलिक वरदा हारी विठ्ठल! श्री ज्ञानदेव तुकाराम! पंढरीनाथ महाराज की जय!